मंदीत इंटिरिअर आणि जुन्या फर्निचरचा धंदा : ठाणे-नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यात माझं इंटिरिअरचं छोटं ऑफिस आहे आणि कळव्याला बाबांचा जुन्या लाकडी सामानाचा गाळा. २००६ पासून दोन्हींचा हिशेब मीच बघते. या काळात २००८, २०१६ची नोटबंदी, २०१८ आणि २०२० असे चार धक्के खाल्ले. हवा जरा थंडावली की नवे डिझायनर, कारागीर, गाळेवाले आणि कधी कधी ग्राहकही तेच तेच प्रश्न घेऊन येतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

मंदी येते आहे हे आधी कशावरून कळतं?

फोन बंद होत नाहीत, उलट वाढतात. लोक कोटेशन मागतात, साइटवर बोलावतात, चहा देतात, आणि मग "दिवाळीनंतर बघू" म्हणतात. पूर्ण घराचं काम हळूहळू "आत्ता फक्त किचन आणि एक वॉर्डरोब" एवढ्यावर येतं. प्लायवूडचा दुकानदार, जो एरवी महिनाभर पैशांचं नाव काढत नाही, तो शनिवारी स्वतः फोन करतो. एरवी चार साइट्समध्ये अडकलेला मिस्तरी सकाळी नऊला ऑफिसच्या दारात उभा असतो.

बाबांच्या गाळ्यावर वेगळी खूण दिसते. घेणाऱ्यांपेक्षा विकणाऱ्यांचे फोन जास्त येऊ लागतात. आजोबांचं कपाट, आजीचा झोपाळा, माळ्यावरची पितळी भांडी. दोन्ही खुणा एकाच महिन्यात दिसल्या, तर मी नवीन उधारी बंद करते.

शेअर बाजार कोसळला की लगेच काम कमी होतं का?

नाही. इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरअखेर एका दिवशी ८ हजारांच्याही खाली जाऊन आला. सप्टेंबरमध्ये अमेरिकेत लीमन ब्रदर्स ही मोठी गुंतवणूक बँक बुडाली होती. त्या दिवाळीत आमच्याकडे मात्र हाताला फुरसत नव्हती. कारण घोडबंदर रोडवर आधी बुक झालेल्या फ्लॅटच्या किल्ल्या तेव्हा मिळत होत्या. आमचं काम बुकिंगवर चालत नाही, किल्लीवर चालतं. बुकिंग आणि किल्ली यांच्यात तीन-चार वर्षं सहज जातात. ज्यांनी २००८-०९ मध्ये बुकिंग केलंच नाही, त्यांची रिकामी जागा आमच्या वहीत पुढच्या काही वर्षांत दिसली, वर्तमानपत्रं "बाजार सावरला" म्हणत होती तेव्हा.

ऑफिसचं काम याच्या उलट वागतं. कंपनी पहिल्याच तिमाहीत खर्च गोठवते. त्यामुळे महापे-ऐरोलीकडे ऑफिसं करणाऱ्यांना झटका आधी बसतो आणि घरं करणाऱ्यांना नंतर. दोन्ही करत असाल तर ऑफिसचं काम थांबणं ही पुढची सूचना समजा.

घरबसल्या एक गोष्ट करता येते. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, संकेतस्थळावर प्रत्येक नोंदणीकृत प्रकल्पाची पूर्ण होण्याची तारीख सगळ्यांना पाहता येते. मी दर सहा महिन्यांनी माजिवडा ते कासारवडवली पट्ट्यातले प्रकल्प उघडून बसते आणि कोणाच्या तारखा पुढे ढकलल्या गेल्या ते लिहून ठेवते. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही मोठी वित्त कंपनी अडचणीत आली, वित्त कंपन्यांकडून बिल्डरांना मिळणारा पैसा आटला आणि बरेच टॉवर अर्ध्यावर राहिले. त्या वेळी ही सवय असती तर पुढच्या वर्षी चार सुतारांना मी आगाऊ शब्द दिला नसता.

मग २०२० मध्ये उलटं कसं झालं?

तेव्हा सगळं एकाच दिवशी बंद झालं. २५ मार्चपासून साइट्स बंद, सोसायट्यांची गेट बंद. माजिवड्याच्या पुलाखालून नाशिक हायवेने चालत निघालेली माणसं आम्ही पाहिली आणि त्यांत आमच्या साइटवरची पोरंही होती. ते आठवलं की आजही घास अडतो.

पावसाळा सरता सरता चित्र पालटलं. मे २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे बँकांना उसने देण्याचा दर, ४ टक्क्यांवर आणला होता. १ सप्टेंबरपासून राज्य सरकारने मुद्रांक शुल्कात वर्षअखेरपर्यंत ३ टक्क्यांची आणि पुढे मार्च २०२१ अखेरपर्यंत २ टक्क्यांची सूट दिली. घरं विकली गेली. घरातून काम करणाऱ्यांना टेबल हवं होतं, मुलांना अभ्यासाचा कोपरा हवा होता. काम होतं, पण हात नव्हते. मंदीत ज्यांनी कारागिरांशी संबंध टिकवला होता, त्यांच्याकडे माणसं आधी परतली.

ग्राहक सगळ्यात आधी काय कापतो?

फॉल्स सीलिंग, भिंतीचं पॅनेलिंग, पडदे, सुटं फर्निचर. व्हिनियरच्या, म्हणजे खऱ्या लाकडाच्या पातळ थराच्या, जागी लॅमिनेट येतं. किचन शेवटपर्यंत टिकतं. हे सगळं कापलं तर माझी हरकत नसते, कारण ते दोन वर्षांनी करता येतं. पण न दिसणाऱ्या गोष्टी कापायला लागले की मी अडून बसते. सिंकखालच्या ट्रॉलीला आयएस ७१० चं बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारं, प्लाय लागतं. तिथे आयएस ३०३ चं एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारं, प्लाय घातलं तर ठाण्याच्या चार पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे सुटतात. बिजागऱ्या, चॅनेल, वायरिंग यांचंही तसंच. मंदीत केलेलं स्वस्त काम तेजीत आपल्याच नावाने फुगून बाहेर येतं.

काम टिकवण्यासाठी रेट कमी करावा का?

काम लहान करा, रेट तसाच ठेवा. साधा हिशेब मांडून बघा. १० लाखांचं काम, त्यात माल-मजुरी जाऊन तुमचे १५ टक्के, म्हणजे दीड लाख. ग्राहकाने "फक्त १० टक्के कमी करा" म्हटलं आणि तुम्ही मान डोलावली, की एक लाख गेले. राहिलेल्या पन्नास हजारांत तीन महिन्यांचा पेट्रोलचा खर्च, सुपरवायझर आणि शेवटच्या दुरुस्त्या. तेवढ्यात लॅमिनेटचा एक लॉट चुकीच्या शेडचा आला की खिशातून घालायची वेळ येते. त्याऐवजी गेस्ट बेडरूम पुढच्या वर्षावर टाका, त्याचे पॉइंट आणि वायरिंग मात्र आत्ताच काढून ठेवा. ग्राहकाचं बजेट बसतं आणि पुढच्या वर्षीचं काम तुमच्याकडेच राहतं.

एका साइटचा अॅडव्हान्स दुसऱ्या साइटला वापरला तर काय बिघडतं? सगळेच करतात.

सगळेच करतात हे खरं आहे. मीही केलं. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर, तेजीत हे वर्षानुवर्षं चालतं, कारण नवीन डोकं रोज मिळतं.

२०१९ मध्ये नवी मुंबईतल्या एका कंपनीच्या ऑफिसचं काम चालू होतं. तिसरं रनिंग बिल, म्हणजे झालेल्या टप्प्याचं बिल, थांबलं. आज येईल, उद्या येईल म्हणत मी खारघरच्या एका शिक्षक दांपत्याच्या घरासाठी आलेला अॅडव्हान्स त्या ऑफिसच्या काचेवर आणि पार्टिशनवर घातला. बिल आलंच नाही. खारघरचं काम सुरू करायची तारीख आली तेव्हा माझ्या खात्यात प्लायच्या पहिल्या गाडीपुरतेही पैसे नव्हते. आईच्या पाटल्या गहाण ठेवून मी ते घर पूर्ण केलं. त्या दोघांना यातलं काहीही कळलं नाही. मला मात्र तीन महिने झोप लागली नाही, कारण तो पैसा त्यांनी भविष्य निर्वाह निधीतून काढलेला होता.

मंदी धंदे बुडवते ती बहुतेक अशीच. काम कमी झाल्याने धंदा आकसतो, बुडत नाही. नवीन अॅडव्हान्स यायचा थांबला की फिरवलेल्या टोप्या एकदम उघड्या पडतात. आता प्रत्येक साइटचं वेगळं पान आहे. दर शनिवारी तीन आकडे लिहिते: किती आले, किती काम झालं, किती अजून ग्राहकाचे आहेत. तिसऱ्या आकड्याची बेरीज बँकेतल्या शिलकीपेक्षा जास्त झाली, तर त्या आठवड्यात मी पगार घेत नाही.

बिल अडकलं तर कायद्याचा काही आधार आहे का?

आहे, पण आधीपासून तयारी असेल तरच. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, फुकट होते, ती आजच करा. एमएसएमई कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढीने व्याज. त्यासाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून असं बिल मुदतीत न देणाऱ्या कंपनीला त्या खर्चाची आयकरातली वजावट पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत मिळत नाही. मार्चमध्ये अकाउंट्स विभागाला याची आठवण करून दिली की फाइल हलते, हा अनुभव आहे.

दोन खाचखळगे सांगायलाच हवेत. नुसत्या व्यापाऱ्यांना, म्हणजे बाबांसारख्या माल विकत घेऊन विकणाऱ्यांना, उद्यम नोंदणी मिळते पण ती बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरती. उशिरा आलेल्या पैशांचं संरक्षण त्यांना नाही. आणि माल-मजुरी एकत्र असलेल्या कंत्राटाला हा कायदा लागू होतो का, यावर न्यायालयांत वाद झालेले आहेत. म्हणून मी डिझाइनची फी आणि कामाचं कंत्राट वेगवेगळ्या करारांत ठेवते.

चेक परत आला तर दिवस मोजा. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, त्यानंतर समोरच्याला १५ दिवस, आणि ते संपल्यावर एका महिन्यात कोर्टात तक्रार. "ओळखीचे आहेत" म्हणून पहिले ३० दिवस घालवलेले खूप लोक मी पाहिले आहेत.

प्लाय-हार्डवेअरचं बिल कोणाच्या नावावर घ्यावं?

शक्यतो ग्राहकाच्या. इंटिरिअर डेकोरेशन हा आयकराच्या दृष्टीने ठरवून दिलेला व्यवसाय आहे आणि आपल्यातले बरेच जण अंदाजित उत्पन्नाच्या सोयीने कर भरतात, म्हणजे एकूण जमेच्या निम्मा नफा धरून. मालाचे पैसेही तुमच्या खात्यातून फिरले तर त्यावरही निम्मा नफा धरला जातो, जो तुम्ही कधी कमावलेलाच नसतो. चांगल्या वर्षात हे खपून जातं, वाईट वर्षात कर भरायला कर्ज काढावं लागतं. तुमच्या सीएशी बसून हे एकदा पक्कं करा.

मंदीत जुनं सामान स्वस्त मिळतं. मग भरपूर उचलून ठेवावं का?

बाबा यावर एकच प्रश्न विचारतात: "कुठे ठेवणार?" गाळ्याचं भाडं मंदीत थांबत नाही. वाळवी थांबत नाही, जून-जुलैची ओल थांबत नाही. १५ हजारांना घेतलेलं कपाट चार वर्षं पडलं तर जागेचं भाडं धरून ते किती रुपयांचं झालं, हे लिहून काढलं की हात आपोआप आखडतो.

आपल्या भागात जुनं सामान निघतं ते मुख्यतः पुनर्विकासातून. चरई, खारकर आळी, नौपाडा इथली जुनी घरं आणि इमारती रिकाम्या होतात, मंडळी भाड्याच्या वन बीएचकेत जातात आणि आजोबांचं सागवानी कपाट तिथे मावत नाही. तेव्हा ते आमच्याकडे येतं. पुढे नवीन इमारत झाली की त्याच कुटुंबाचं इंटिरिअर आम्हीच करतो. मंदीत बिल्डर अडकला की ही साखळी मधेच तुटते: घरं रिकामी झालेली, भाडं थांबलेलं, नवीन फ्लॅटचा पत्ता नाही. अशा वेळी विकायला आलेला माणूस हौसेने आलेला नसतो. पडेल भावात त्याच्याकडून उचलायचं आमच्या जिवावर येतं. अशी चार-पाच कपाटं बाबांनी विकत न घेता नुसती सांभाळायला ठेवली आहेत.

घ्यायचंच असेल तर आजच्या घरात जाणारं घ्या. सात फुटी अखंड कपाट टॉवरच्या लिफ्टमध्ये शिरत नाही, सुटे भाग होत असतील तरच हात लावा. मच्छरदाणीच्या खांबांचा पलंग दहा बाय अकराच्या बेडरूममध्ये जात नाही. लेखनाचं डेस्क, घडीच्या खुर्च्या, फडताळ, बाक, आरसे, पेट्या यांना गिऱ्हाईक वाईट काळातही मिळतं.

तांब्या-पितळेच्या भांड्यांचं काय? त्यांना तर वजनाचा भाव असतोच.

वजनाच्या भावाखाली कोणी विकत नाही, म्हणून ती सुरक्षित वाटतात. पण तो भावही घसरतो. २००८ च्या जुलैपासून डिसेंबरपर्यंत जगात तांब्याचा भाव निम्म्याहून खाली गेला, आणि घंगाळं, बंब भरून ठेवलेल्यांचे हात पोळले.

तांबं महागलं की उलट धोका येतो. चांगल्या घडणीची भांडीसुद्धा मोडीत जाऊन वितळतात. कृपा करून मोडीत घालण्याआधी काठाखाली बघा. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत होती. कोणी कोणाला, कोणत्या लग्नात, कोणत्या साली दिलं ते कोरलेलं असतं. असं एखादं तरी घरात ठेवा.

शंभर वर्षांचं नसलं तरी 'अँटिक' म्हणून विकता येतं का?

बोलण्यात चालतं, बिलावर चालत नाही. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ चा आहे आणि ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. त्यात पुरावस्तू म्हणजे साधारणपणे किमान १०० वर्षं जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू. हस्तलिखितांसाठी ७५ वर्षं. अशा वस्तूंच्या विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो, मूर्तींसारख्या काही प्रकारांची नोंदणी लागते आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. हातात पैसा नसतो तेव्हा "बाहेर मोठी किंमत मिळवून देतो" सांगणारे दलाल देवघरापर्यंत येतात. मूर्ती, पोथी, ताम्रपट यांच्या बाबतीत त्यांना दारातूनच परत पाठवा.

जीएसटीतही हा फरक आहे. शंभर वर्षांवरच्या पुरावस्तूंवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. शंभर वर्षांहून कमी वयाच्या जुन्या सामानासाठी, खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट घेतलेलं नसेल आणि वस्तूचं मूळ रूप बदललेलं नसेल तर, खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर भरायची सोय आहे.

वय कमी म्हणून वस्तू बिनमोलाची ठरत नाही. चंडीगड शहर उभं राहताना वास्तुकार पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली सरकारी कार्यालयांसाठी सागवानी खुर्च्या बनल्या. पुढे त्या भंगार म्हणून निघाल्या, आणि त्याच खुर्च्या परदेशी लिलावांत लाखो रुपयांना गेल्या. आपल्याकडे १८९४ साली मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेल्या राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातली देवादिकांची चित्रं घरोघरी होती. घर रिकामं करताना काच फुटली म्हणून ती टाकून दिलेली मी पाहिली आहेत.

मंदी संपली की जुन्या फर्निचरचे भाव परत येतात का?

जे मंदीमुळे पडले ते येतात. जे आवड बदलल्यामुळे पडले ते येत नाहीत. इंग्लंडमधलं महोगनीचं जड, गडद फर्निचर या शतकाच्या सुरुवातीपासून घसरत गेलं आणि तिथली अर्थव्यवस्था सावरली तरी वर आलं नाही. माणसांची घरं आणि जेवायच्या पद्धतीच बदलल्या होत्या. आपल्याकडे अवजड शोकेस आणि कोरीव सोफासेट त्या वाटेवर आहेत असं माझं मत आहे. झोपाळा मात्र अजून टिकून आहे.

दोन्ही धंदे एकत्र ठेवल्याचा उपयोग होतो का?

आम्हाला झाला. मंदीत "नवीन नको, आहे तेच नीट करून द्या" म्हणणारे वाढतात. या कामात माल थोडा आणि मजुरी जास्त, म्हणजे पैसा दुकानदाराकडे न जाता कारागिराच्या घरी जातो. २०१९ च्या वाईट हंगामात आमचे दोन सुतार आणि एक पॉलिशवाले चाचा दुरुस्तीवरच तगले. जुनं पेंट खरवडून चपड्याचं पॉलिश चढवलेलं साठ वर्षांपूर्वीचं सागवान बघितलं की ग्राहक स्वतःच म्हणतो, हे हॉलमध्ये ठेवू.

कारागिरांसाठी आणखी एक. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात सुतारांचीही नोंदणी होते. त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो दाखला द्यायला टाळाटाळ करू नका.

नवी मुंबईत विमानतळ, अटल सेतू झाला. तिथे मंदी जाणवणार नाही ना?

फ्लॅट विकला जाणं आणि त्यात कोणी राहायला येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. उलवे, खारघरच्या आतल्या सेक्टरांत गुंतवणूक म्हणून घेतलेली खूप घरं आहेत. ती भाड्याने गेली तर पंखे, गिझर आणि साधं किचन, बस्स. तिथे ऑफिस थाटण्याआधी संध्याकाळी आठ वाजता जाऊन इमारतीत किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजा.

ग्राहक म्हणून मंदीत काम काढावं का?

हो. चांगला मिस्तरी वेळ देऊन काम करतो. पण सगळे पैसे आधी देऊ नका. टप्प्याटप्प्याने द्या आणि प्लायचं बिल तुमच्या नावावर मागा.

गाळ्यात पडून राहिलेल्या मालाचं काय करावं?

भाड्याने द्या. घोडबंदर रोडवर मालिकांची शूटिंग चालतात आणि कला विभागाला जुनी कपाटं, आरामखुर्च्या, ग्रामोफोन, कंदील सतत लागतात. वस्तू देताना चारही बाजूंनी फोटो काढा, पूर्ण किमतीएवढी अनामत घ्या, नेण्या-आणण्याचा खर्च त्यांच्यावर ठेवा आणि परत आल्यावर त्यांच्या माणसासमोरच तपासा. बाबांचा शिसवी चौकटीचा आरसा असा सहा वेळा जाऊन आला. वरच्या कोपऱ्यातलं एक फूल तुटलं होतं, ते अनामतीतून पुन्हा कोरून घेतलं.